मंदाताई, ती गुठळी खरी होती

मंदाताई,

परवा तुमच्या शोकसभेत मी चांगलं बोललो. निदान सगळे तसं म्हणाले. निवृत्तीनंतर विदर्भातलं घर बंद करून तुम्ही मुलीकडे पुण्यात आलात, एका पैशाची अपेक्षा न ठेवता आमच्या शब्दकोशाचं काम करायला लागलात, तुमचं वाचन, तुमची शिस्त, तुमचं ते दोन खोल्यांपलीकडे ऐकू जाणारं हसणं, सगळं आलं त्यात.  त्यातलं काही खोटं नव्हतं. पण सभा संपल्यावर दाराशी चपला शोधता शोधता तुमची रेवती मला म्हणाली, "काका, आईनं तुमच्याकडे यायचं का बंद केलं हो? मला तिनं नीट सांगितलंच नाही."

मी म्हणालो, "पाय दुखायचे ना त्यांचे. जिना चढवत नाही म्हणाल्या होत्या."

तुम्ही तसं कळवलं होतं हे खरंच आहे. मोबाइलवर लिहून कळवलं होतंत, आणि मी उत्तरादाखल दोन जोडलेल्या हातांचं चित्र पाठवून मोकळा झालो होतो. पण तुमचे पाय किती चालतात हे मला ठाऊक होतं. धनकवडीहून बसनं स्वारगेटला यायचात आणि तिथून मंडईमागच्या आमच्या कार्यालयापर्यंत चालत. मेट्रो सुरू झाल्यावर मी म्हटलं होतं, आता तरी मेट्रोनं या. तर तुम्ही म्हणालात, "एका स्टेशनासाठी जमिनीच्या पोटात कोण जाते, भाऊ? वर मंडईत कोथिंबिरीचा भाव तर कळते." अशा बाईचे पाय अचानक दुखायला लागले नव्हते. रेवतीला मी अर्धं खरं सांगितलं, आणि त्या अर्ध्या खऱ्याची मला शोकसभेतल्या भाषणापेक्षा जास्त लाज वाटते आहे.

म्हणून हे लिहितो आहे. आपल्या कोशाच्या संपादक मंडळाच्या पत्रिकेत छापून येईल. तुमच्याबरोबर काम केलेले सगळे वाचतील, ज्यांच्यासमोर ते घडलं तेही वाचतील.

जे त्या खोलीत नव्हते त्यांच्यासाठी आपली कामाची रीत सांगायला हवी. एकानं शब्दाचं कार्ड मोठ्यानं वाचायचं आणि समोरच्यानं डोळे मिटून ऐकायचं. ज्यानं ती वस्तू आयुष्यात पाहिली नाही त्यालाही ती व्याख्येवरून डोळ्यांपुढे दिसली पाहिजे. दिसली तर कार्ड पुढे, नाही दिसली तर परत. तुम्ही डोळे मिटून ऐकायला लागलात की मला परीक्षेला बसल्यासारखं व्हायचं. 'गाभण' तुम्ही दोनदा परत पाठवलं होतंत. "म्हैस दिसली, भाऊ, पण पोट नाही दिसलं."

त्या दिवशी मी वाचलं, "गुठळी. स्त्रीलिंगी नाम. एक : पातळ पदार्थात पीठ इत्यादी नीट न ढवळल्यामुळे झालेला घट्ट गोळा. दोन : दूध, रक्त इत्यादी गोठून झालेला गोळा."

तुम्ही डोळे उघडेचनात. मग म्हणालात, "दिसली."

"मग पुढं जायचं?"

"गुठळी नाही दिसली. सैपाक करणारी बाई दिसली. मान खाली घालून उभी आहे बिचारी." डोळे उघडून माझ्याकडे बघत तुम्ही पुढे म्हणालात, "ही व्याख्या होय, का सासूबाईंचा शेरा? 'नीट न ढवळल्यामुळे' कशाला पाहिजे? रंगात गुठळी होते, चुन्यात होते, तिथं तुम्ही रंगाऱ्याला बोलून राहिले का?"

मी म्हणालो, कारण सांगितल्याशिवाय वस्तू स्पष्ट होत नाही. तुम्ही म्हणालात, कारण चूक आहे. आणि मग तुम्ही तुमच्या आईचं बेसन सांगितलंत.

"पिठलं," मी म्हटलं.

"पिठलं तुमचं. आमचं बेसन." तुमच्या आईचं बेसन चुलीवर रटरटायला लागलं की ती भाजून ठेवलेलं थोडं कोरडं पीठ वरून मुद्दाम सोडायची आणि त्याला पळी लावायची नाही. ते बाहेरून शिजायचं, आत कोरडं खमंग राहायचं. ती गुठळी. घरात जो रुसला असेल त्याच्या ताटात ती पडायची. माफी मागणं नाही, समजूत काढणं नाही, एक शब्द नाही. "कोणी विचारलं, आज गुठळी कोणाची, की समजायचं, घरात कोणीतरी तोंड फुगवून बसलं आहे. आमच्या अख्ख्या गावात हाच अर्थ चाले, भाऊ. 'गुठळी दिली' म्हणजे मनवलं. हा तिसरा अर्थ लिहा."

मी बोट करून भिंतीवरची पाटी दाखवली. माझ्याच हस्ताक्षरातली ती पाटी तुम्हाला फार आवडायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवायचात. 'आमच्या घरी असेच म्हणतात, हा पुरावा नाही. जाताना पंखा बंद करावा.'

"पंखा बंद करते," तुम्ही म्हणालात, "पण अर्थ चालूच राहीन."

त्या शब्दावरून आपलं जे भांडण सुरू झालं ते अजून संपलेलं नाही, आणि आता मला एकट्यालाच त्याच्या दोन्ही बाजू लढवाव्या लागतात. माझं म्हणणं, गुठळी ही 'गोठणे'च्या घरातली. जे वाहत होतं ते थांबलं, घट्ट झालं, की गुठळी झाली. तुमचं म्हणणं, ती गुटिकेकडची आहे, गोळी आणि बाळगुटीच्या नात्यातली. हिंदीत आंब्याच्या कोयीला गुठली म्हणतात, गुजरातीत कोयीच्या आतल्या गराला गोटली, मग आपल्याच गुठळीच्या पोटात काही नाही असं कसं? "तुमची गुठळी चुकून होते, भाऊ. माझ्या गुठळीच्या आत काहीतरी असते." मी सगळे जुने कोश काढून बसलो. एकाचा कल तुमच्याकडे, दुसऱ्याचा कुणाकडेच नाही. शेवटी कार्डावर आपण दोघांनी मिळून लिहिलं, व्युत्पत्ती अनिश्चित. तुम्ही म्हणालात, "हेच एक खरं लिहिलं आज."

मग काही दिवसांनी तुम्ही डब्यात बेसन घेऊन आलात. गुठळ्यांचं. माझ्यापुढे झाकण उघडून ठेवलंत आणि स्वतः भाकरी मोडत बसलात. मी बोलता बोलता चमच्यानं कडेची एक गुठळी उचलली आणि तोंडात टाकली. सगळ्यात आधी तीच. तुम्ही बघत होतात.

"हे कोणी शिकवलं?" तुम्ही विचारलंत.

मी सांगितलं. ताई, मी स्वतःहून, हसत हसत, तुम्हाला सांगितलं. लहानपणी मी रुसून गच्चीवर जाऊन बसलो की माझी आई खालून हाक मारायची, "चल, तुझी गुठळी काढून ठेवलीय." पिठल्यातली. ती विदर्भातली नव्हती, तिनं तुमचं गाव कधी पाहिलं नव्हतं. जन्मापासून पुण्यातच राहिली. तरी तिचा शब्द तोच होता, आणि अर्थही तोच.

तुम्ही भाकरी खाली ठेवून टाळी वाजवलीत. "घ्या! दोन टोकांची दोन घरं झाली. आता तर लिहा!"

मी म्हणालो, "छापील आधार आणा, ताई, लगेच लिहितो."

मी गंमतीत म्हणालो होतो. तुम्ही ते काम म्हणून घेतलंत. दिवाळीत तुमच्याकडच्या एका छोट्या महिला मासिकात तुमचा लेख आला, आईच्या स्वयंपाकघरावरचा, आणि त्यात ती गुठळी त्याच अर्थानं, एकदा नाही तर दोन वेळा. अंक घेऊन तुम्ही जिना चढून आलात तेव्हा दम लागला होता आणि चेहरा शाळेत नंबर आलेल्या मुलीसारखा होता. मी म्हटलं, हे तुम्हीच लिहिलंय. तुम्ही म्हणालात, "मग? मी लपवून राहिले का? नाव खाली माझंच आहे. मंडळापुढं ठेवा, ते ठरवतील."

मी मंडळापुढे ठेवलं. आता ते कसं ठेवलं ते लिहायला हवं.

त्या बैठकीच्या जरा आधी आमच्या प्रमुखांनी चारचौघांत म्हटलं होतं की या कोशाचा काटेकोरपणा माझ्यामुळे टिकून आहे. तेवढ्यानं माझं डोकं फिरलं असं म्हणणं सोपं आहे. पण मी आधीपासूनच तसा होतो. इतक्या लोकांना मी त्या पाटीकडे बोट दाखवून परत पाठवलं होतं, त्यात चांगले जाणते प्राध्यापक होते, त्यांची तोंडं पडलेली पाहून मला बरं वाटलं होतं. आता माझ्याच आईचा दाखला मी कोणत्या तोंडानं देणार होतो? तो दिला असता तर ती सगळी माणसं आठवणीतून उठून माझ्यापुढे उभी राहिली असती. म्हणून कार्ड वाचून झाल्यावर मी म्हणालो, "आधार म्हणून आलेला लेख अर्थ सुचवणाऱ्या व्यक्तीनं स्वतःच लिहिलेला आहे, आणि तोही कार्ड परत गेल्यानंतर. याला आधार म्हणत नाहीत. याला घरी तयार केलेला माल म्हणतात."

कुणीतरी हसलं. मला ते हसणं आवडलं. हेही लिहायलाच हवं.

प्रमुखांनी अंक उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "मंदाताईंखेरीज आणखी कुणी हा अर्थ ऐकलाय?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. तुम्ही बोलू शकला असतात. 'यांच्या आईच म्हणत होत्या' एवढं म्हणाला असतात तर मी तिथल्या तिथे उघडा पडलो असतो. तुम्ही पेन्सिल टेबलावर आडवी ठेवलीत आणि वाट बघत राहिलात. तुमची चूक झाली, ताई, तर एवढीच, की हा माणूस आता बोलेल असं तुम्हाला वाटलं.

मी पुढचं कार्ड उचललं आणि वाचलं, "गुडगुडी."

बैठक संपेपर्यंत तुम्ही बसून होतात. चहाही घेतलात. जाताना तुम्ही नेहमी जिन्यावरून "येते, भाऊ" म्हणायचात. त्या दिवशी "निघते" म्हणालात. मी मान वर केली नाही, कारण मी कार्डं लावत होतो. कार्डं आधीच लावलेली होती.

त्यानंतर तुमच्या माघारी कुणी कुणी म्हणायचं, मंदाताई भावनेच्या भरात जरा रचून सांगायच्या नाही का? मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. शब्दांच्या कामात बाईचं नाव एकदा असं मळलं की तिनं आणलेल्या प्रत्येक शब्दाकडे लोक डोळे बारीक करून बघतात. तुम्ही कितीतरी शब्द आणले होतेत. नंतर त्यांतले काही पुन्हा तपासायला काढले गेले, तेव्हाही मी त्याच खोलीत होतो.

आता जे तुम्हालाही सांगितलं नव्हतं ते सांगतो.

तुमच्या डब्यातलं बेसन खाताना मी तुम्हाला माझ्या आईची गोष्ट सांगितली ती अर्धीच. शेवटच्या वर्षांत तिचा हात थरथरायचा. पिठल्यात गुठळ्या व्हायच्या, त्या मुद्दामच्या नसायच्या, सगळं भांडं गुठळ्यांनी भरायचं. एकदा माझ्याकडे कार्यालयातले दोघं जेवायला आले होते. मी त्यांच्यासमोर म्हणालो, "आई, नीट ढवळता येत नाही का गं?" ती हसली. पाहुण्यांना म्हणाली, "हल्ली लक्ष नसतं हो माझं." त्यानंतर तिनं पिठलं केलं नाही. मी कधी कर म्हटलं की म्हणायची, तुझी बायको छान करते, तिला सांग.

गुठळीची व्याख्या मी त्यानंतर लिहिली. तुम्ही ऐकल्या ऐकल्या ओळखलंत की त्यात कुणीतरी कुणाला तरी बोलतंय. फक्त तुम्हाला वाटलं सासू. ती सासू नव्हती, ताई. मुलगा होता. तुम्ही डोळे मिटून जी मान खाली घातलेली बाई पाहिलीत ती खरोखरची बाई होती, आणि तिला तसं उभं करणारा तुमच्यासमोर कार्ड धरून बसला होता. तुमचा तिसरा अर्थ मी मान्य केला असता तर मला हे मान्य करावं लागलं असतं की माझ्या आईच्या हातची गुठळी काय असते हे मला ठाऊक होतं, आणि ठाऊक असून मी तिला पाहुण्यांसमोर बोललो. मंडळापुढे मी नियम राखत नव्हतो. मी स्वतःला राखत होतो.

तुमचे माझ्यावर उपकार किती आहेत ते मोजायला बसलो तर लेख संपायचा नाही. शब्द डोळ्यांनी ऐकायला तुम्ही शिकवलंत. तुम्ही येण्याआधी आमच्या खोलीत कुणी हसत नसे, आम्ही फक्त एकमेकांना टोमणे मारायचो आणि त्यालाच विनोद म्हणायचो. मी पडशानं आजारी होतो तेव्हा तुम्ही फोनवर कार्डं वाचून घेतलीत आणि प्रत्येक कार्डामागे एक शिंक माफ केलीत. एवढं सगळं तुम्ही दिलंत आणि त्या बदल्यात मी एक वाक्य तुम्हाला देऊ शकलो नाही. 'हो, मीही ऐकलाय.' कोशाच्या भाषेत सांगायचं तर अगदी लहान नोंद.

काल मी धनकवडीला गेलो. रेवतीनं ऑफिसचं काम बाजूला ठेवून दार उघडलं, गळ्यात हेडफोन तसेच होते. तुमची खोली तिनं आवरली नव्हती. चहा नको म्हटलं तरी तिनं केला. मी तिला सगळं सांगितलं, बैठक, पेन्सिल, गुडगुडी, माझी आई, सगळं. पाय दुखत होते असं सांगितलं ते पुरतं खरं नव्हतं, हेही. तिनं मध्ये एकदाही अडवलं नाही. तुमचीच सवय.

मग ती म्हणाली, "काका, आईचा तुमच्यावर राग नव्हता असं मी म्हणू शकते. तुम्हाला बरं वाटेल."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"पण होता. खूप होता. ती हर्ट झाली होती. मी विचारलं की म्हणायची, पायच दुखतात गं. आता कळलं." तिनं कप उचलले. "तुम्ही मला सांगितलंत ते ठीक आहे. पण मला सांगून काय होणार? मी कुठं आईला खोटारडी म्हटलं होतं?"

"शनिवारी मंडळाची बैठक आहे," मी म्हणालो. "तिथं सांगणार आहे."

"तिथं सगळे असतील?"

"सगळे."

"मग मी पण येते," ती म्हणाली. "मला ऐकायचंय."

तर ताई, शनिवारी असं आहे. कोशात नोंद व्हावी म्हणून माणसानं स्वतः लिहून छापून आणलं तर त्याला काय म्हणतात हे मी सगळ्यांना शिकवून ठेवलं आहे, त्यामुळे या लेखालाही ते तेच म्हणतील. म्हणू देत. मी उभा राहून सांगणार आहे की हा अर्थ मी ऐकलेला आहे, पुण्यात, माझ्या घरी, माझ्या आईच्या तोंडून, आणि मंदाताईंना हे माहीत असताना त्या गप्प राहिल्या कारण त्यांनी ते मी सांगायची वाट पाहिली. ते अर्थ घेतील की नाही, मला माहीत नाही. तुम्ही आणलेले शब्द पुन्हा तपासायची गरज नाही, एवढं मात्र मी लिहून घेणार आहे, आणि ते होईपर्यंत पुढचं कार्ड वाचणार नाही.

रेवती समोर बसलेली असेल. डोळे मिटून ऐक असं मी तिला सांगणार नाही. तिनं उघड्या डोळ्यांनी बघावं.